मांजर उठली की

सूनबाई : ...‘घंटी कशी निवडावी’ लिहून झालं, ‘घंटी कशी पुसावी’ झालं, ‘घंटी बिघडली तर’ हेही झालं. नाना, आपल्या कंपनीच्या ब्लॉगला आता नवा विषय आणू कुठून? दारावरच्या घंटीवर माणूस लिहून लिहून लिहिणार तरी किती!

नाना : वाचतं कोण हे?

सूनबाई : ज्याला प्रश्न पडलाय तो. म्हणून तर तुमच्या तपासणीच्या टेबलाशी ठाण मांडलंय. घंटीबद्दल तुम्हाला काय प्रश्न पडतो?

नाना : जन्म गेला घंट्या बनवण्यात. मला कसला प्रश्न पडतोय आता!

सूनबाई : बरं, मला पडलेत ते विचारते. घंटी दाबताना दुसरा हात टेबलावर का टेकवता?

नाना : सवय.

सूनबाई : नवी दिसतेय. पूर्वी तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. लग्नानंतर पहिल्यांदा कारखान्यात आले, तेव्हा मला वाटलं, सासरे कामावर डुलक्या काढतायत!

नाना : आणि तू हळूच पंखा लावलास.

सूनबाई : आता डोळे टक्क उघडे. का?

नाना : हाताला थरथर कळते. चांगली घंटी टेबलात शहारा सोडते, सरळ आणि लांब. भेगाळलेली मध्येच अडखळते.

सूनबाई : अगंबाई, केवढं छान! ...थांबा हं. काल मी किल्ली विसरले. घंटी दाबून दाबून बोट दुखलं, तेव्हा कुठे तुम्ही दार उघडलंत. तेही मांजरीच्या मागून आलात.

नाना : मांजर उठली की समजायचं, कुणीतरी आलंय.

सूनबाई : आणि ती झोपलेली असली तर?

नाना : तर तू उन्हात.

सूनबाई : नाना, आत्ता मान खाली घालून मी काय म्हणाले?

नाना : ...चहा घेणार का, म्हणालीस.

सूनबाई : मी काहीच म्हणाले नाही.

नाना : वकीलच व्हायचीस तू. चुकून सून झालीस.

सूनबाई : कधीपासून, नाना?

नाना : हळूहळू गेलं गं. आधी पाखरं गेली. मग पावलं गेली. मग नातीची कुजबुज. घंटी सगळ्यांत शेवटी गेली, मोठ्या मानानं. तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस हं. उद्याच्या उद्या हे टेबल काढून घेईल. ‘नाना, आता आराम करा.’ आराम म्हणजे मांजरीशेजारची खुर्ची.

सूनबाई : पण फाटक्या आवाजाची एखादी घंटी बाहेर गेली असली तर?

नाना : परत आलेल्या मालाचा खोका बघ. रिकामा आहे. हात फसत नाही माझा.

सूनबाई : मग लपवायचं कशाला?

नाना : बहिऱ्यानं घंट्या विकायच्या? लोक हसतील.

सूनबाई : घरात बसलेले, दाराबाहेर कुणीतरी ताटकळलेलं. जगात असे तुम्ही एकटेच असाल?

नाना : नसेन.

सूनबाई : मग सांगा, त्यांना काय विचारावंसं वाटत असेल?

नाना : विचारतील... दारात आपलं माणूस आलंय, हे कानांवाचून कसं कळावं?

सूनबाई : हा बघा विषय! लिहूनच घेते. आणि उत्तर?

नाना : उत्तर अजून बनवलंय कुठे! दिवा लुकलुकला तर? नाहीतर खुर्चीचा हात थरथरला तर? ती तार दे बघू इकडे.

सूनबाई : देते. पण लेखाखाली तुमचं नाव घालणार.

नाना : तुझा नवरा वाचेल.

सूनबाई : वाचू दे.

नाना : आणि टेबल?

सूनबाई : अहो, ही नवी घंटी तपासणार कोण? ज्याला ऐकू येतं, तो तर आवाज ऐकूनच दाराकडे धावेल. थरथर पुरी पडते की नाही, हे त्याला कसं कळायचं?

नाना : पहिली आपल्याच घरी लावू. मांजर म्हातारी झालीय. तिलाही झोपू दे जरा.