सुधीर चढावर हरवला तेव्हा

सुधीर कुवेत सोडून कायमचा पुण्याला गेला आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सायकल काढायला जीवावर यायला लागलं बघा. त्याचा स्कॉटलंडचा किस्सा सांगितलाय का तुम्हाला?

आमचा कुवेतचा सायकल ग्रुप तिकडे गेला होता. डोंगर, तळी, हिरवळ, सगळं देखणं. पण आमचा सराव सपाट रस्त्यांवरचा, त्यामुळे चढावर पार वाट लागली. सुधीर सगळ्यांत मागे. वर पोचून आम्ही थांबलो, तर हा येईचना. फोनही लागेना. वर्षापूर्वीच त्याची अँजिओप्लास्टी झालेली. सगळे उलटे खाली सुटलो.

एका वळणावर, घराच्या कुंपणाला त्याची सायकल टेकवलेली. आत साहेब चहा पीत बसलेले! समोर एक म्हाताऱ्या बाई.

"अरे, जीव गेला ना आमचा!" मी ओरडलो.

"बस आधी," सुधीर म्हणाला. "जर्सीवर कुवेत वाचलं आणि यांनी हाकच मारली. लग्न करून आपल्या कुवेतच्या अहमदीत आल्या होत्या. मिस्टर तेल कंपनीत होते."

बाईंनी आम्हाला अरबीत "शलोनकुम" म्हणत खुशाली विचारली. मग समुद्राची चौकशी, तंदूरमधल्या गरम खुबूस रोटीची चौकशी.

"आणि उन्हाळा?"

"भयंकर," मी म्हणालो. "तुमच्याकडे स्वर्ग आहे."

बाई खिडकीबाहेरच्या हिरव्या डोंगराकडे बघत राहिल्या.

"कुवेतला परत कधी जाणार?"

"रविवारी."

"नशीबवान आहात," बाई म्हणाल्या.