लांब हाताचा मोळ

नाही हो, सुमंत सर त्या दिवशी इथं नव्हतेच — हे पहिलं डोक्यात घ्या, मग बाकीचं विचारा. पोरं आपली आपण आली होती. वरमहालक्ष्मीच्या सणाचा आदला दिवस, बाजार फुललेला, हौस म्हणून आली. तुम्ही कॉलेजच्या संस्थेकडून चौकशीला आलाय ना? मग एवढं ऐका आणि जावा. — बरं, बसा. त्या बुट्टीवर नको, खाली शेवंती आहे. पोत्यावर बसा. पँट खराब होईल? मग उभे राहा, मला काय. दुर्गदबैलाच्या बाजारात येऊन पँट सांभाळणारा माणूस मी आजच बघतोय. — ओ अण्णा, गाडा बाजूला घे की, साहेबांचा पाय जाईल! — नाव? धोंडिबा. फूलवाला धोंडिबा. आडनाव कशाला, फूल विकायला आडनाव लागत नाही.

तक्रार कुणी केली ते तुम्हाला ठाऊक आहे की. माझ्या बायकोनं, हिराबाईनं. सणादिवशी सकाळी, उरलेल्या माळांची बुट्टी डोक्यावर घेऊन तुमच्या कॉलेजात गेली आणि प्रिन्सिपलसाहेबांच्या टेबलावर पालथी केली. शिपाई आडवा आला तर त्याच्याही गळ्यात एक माळ टाकली म्हणे. रागाची बाई आहे. राग आला की पाय चालतात, डोकं मागनं येतं. आता बसलीय घरी रायापूरला, गुडघे चोळत. जेवत नाही धड. मी म्हटलं, जा, परत जाऊन सांग की तक्रार नाही. म्हणते, कुठल्या तोंडानं जाऊ? म्हणून मी बोलतोय. नाहीतर मला एवढं बोलायची हौस नाही. पाठ गेलीय माझी, आवाज पण गेलाय. दमलो बघा.

सर इथं येऊन काय करायचे? शिकवायचे. अर्थशास्त्र. मी तिसरी नापास, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. दर गुरुवारी पोरं घेऊन यायचे. मी पहिल्यांदा शिव्याच घातल्या — म्हटलं, सर, बाजारात यायचं तर पिशवी घेऊन या, वरात कशाला आणता? तर म्हणाले, अप्पा, वर्गात मी बोर्डावर दोन रेघा काढतो, एक वर जाते, एक खाली येते, आणि पोरांच्या माना पण तशाच वर-खाली होतात, झोपेनं. इथं त्यांना भाव हलताना दिसतो. — हलताना दिसतो म्हणे! मला तर जन्मात दिसला नाही. सकाळी एक असतो, संध्याकाळी दुसरा, मधे केव्हा हलला देवाला माहीत. पण पोरं बघायची बरं का. वही बंद करून बघायची. आणि विचारायची. एक पोरगी हिराबाईला म्हणाली, अक्का, तेच फूल संध्याकाळी स्वस्त का देता? हिराबाई म्हणाली, संध्याकाळी आरशात बघ, तू तरी सकाळचीच असतेस काय? हसली पोरं. सर तर एवढे हसले की चष्मा काढून पुसत बसले. मग तिथंच उभं राहून अर्धा तास त्याच्यावरच बोलले. आमची बाई पुढच्या गुरुवारी नवं लुगडं नेसून आली. मी विचारलं, कुणाचं लग्न? तर म्हणते, गप बसा, क्लास आहे.

हां, त्या दिवसाचं. सांगतो. तुम्हाला मोळ माहीत आहे काय? नसणार. माळ आम्ही मोळावर विकतो. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, झाला एक मोळ. पट्टी नाही, काटा नाही, विकणाऱ्याचा हात. हिराबाईचा हात आखूड. गिऱ्हाईक कुरकुरतं, मग ती वर चार बोटं सोडते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. सगळ्या ओळीत असंच. कुणाचा हात थोडा कमी, कुणाचा थोडा जास्त, पण ओळीत भांडण नाही. तर त्या दिवशी पोरांनी माळा विकायला आमच्याच ओळीत जागा धरली. आमच्यासारखीच फुलं, आमचाच भाव. आणि मापायला उभा कोण? प्रभंजन. व्हॉलीबॉल खेळतो तो. ताडमाड. हात म्हणजे नुसते वासे! आणि पोरगं प्रामाणिक हो — कोपरापासून बोटापर्यंत, पुरा मापतो, वर चार बोटंही सोडतो. त्याचा मोळ म्हणजे आमचा दीड मोळ. भाव तोच!

हुबळीच्या बाईला हे सांगावं लागत नाही. घटकेत ही गर्दी. आमच्या समोर काळं कुत्रं नाही. सणाचा माल, आदल्या दिवशी खपला तर सोनं, दुसऱ्या दिवशी कचरा, आणि आम्ही सगळी आपलं पाणी शिंपडत बसलेलो. हिराबाई ओरडली, ए लांबड्या, हात आखड! तो म्हणतो, अक्का, कसा आखडू, आईनं असाच दिलाय. सगळा बाजार हसला. मी पण हसलो, खोटं कशाला बोलू. हिराबाई तेवढी हसली नाही.

नंतर सर आले होते घरी. पोरांमुळं तुमची फुलं सुकली, म्हणाले. मान खाली. म्हणाले, अक्का, आता बाजार बंद. बोर्ड आणि रेघा. मला दर वर्षी नव्यानं घेतात, यंदा घेतील असं दिसत नाही. घेतलं तरी पुस्तकच शिकवीन. एवढं ऐकलं आणि आमची बाई उठली ती भांडायलाच — रेघा ओढणारा मास्तर पाहिजे असता तर तुला कपात चहा दिला असता काय मी? चहा प्याले नाहीत. कप तसाच राहिला. तेव्हापासून ती अशी आहे.

काय? आम्ही का नाही थांबवलं? वा! थांबवणार होतो की! दुपारीच उठलो मी, म्हटलं, पुरे झाला खेळ, या पोराला खाली बसवा, आखूड हाताची एखादी पोरगी उभी करा. तर मलाच धरून बसवलं! 'अप्पा, आज कुणी मधे पडायचं नाही. संध्याकाळपर्यंत चालू दे. हे पोरांना कुठल्या पुस्तकात दिसणार?' त्या खांबाला टेकून, खिशातल्या शेंगा खात. डोळे असे चमकत होते, लहान पोराच्या हातात भोवरा दिल्यासारखे. पोरांना खुणावतात, बघा, बघा, अक्काच्या पुढ्यात कोण थांबतंय का बघा. माझा राग तिथंच विरघळला हो, म्हटलं, या माणसाला एवढा आनंद होतोय तर —

काय लिहून घेताय?

खांबाला कोण टेकलं होतं? कुणी नाही. दुसरा गुरुवार असेल तो. म्हातारा माणूस मी, एकातलं एकात मिसळतं. सर नव्हते. असं बघू नका माझ्याकडं.

बरं, होते. होते सर! मग? फुलं आमची सुकली, ओरडायचं ते आम्ही ओरडलो. तुमचं काय सुकलं? पोरं त्या दिवशी रात्र पडेपर्यंत आमच्याबरोबर बसून उरलेल्या माळांवर ओली फडकी घालत होती, तो लांबड्या तर रडकुंडीला आला होता — हे घाला की कागदात. वर कळवावं लागेल? तेवढंच कळवा ना, की फूलवाला म्हणतो त्याची तक्रार नाही. नाही चालत? तक्रारीचा प्रश्न नाही, कुणाला न विचारता पोरं बाहेर नेली हा प्रश्न? अच्छा. म्हणजे सर इथं होते की नव्हते, एवढंच पाहिजे होतं तुम्हाला. आणि मी आपला मोळ सांगत बसलो.

हिराबाई दारातच बसली असेल. पोचायच्या आत विचारेल, नीट बोललात ना? सकाळी दोनदा घोकून घेतलंय माझ्याकडनं.

साकु, पुरे झालं. जावा आता. — काय पाहिजे? फूल? घरी न्यायला? नाही. समोर दिसतंय म्हणून काय झालं. पैसे आत ठेवा. तुम्हाला नाही विकायचं. जावा.