शिंप्याचा गाळा

"मॉल नावाची गोष्ट या पृथ्वीतलावरून नामशेष होत चालली आहे!"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला रोजच्या डुलकीसाठी टेकलेल्या निवृत्त पोस्टमननी दचकून आजूबाजूला पाहिलं. मॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. घोषणा परदेशातून सुट्टीवर आलेल्या कुणा दाजींची होती. ऐकत होता त्यांचा मेव्हणा, कपडे सैल-घट्ट करून देणारा शिंपी. त्याच्या मांडीवर याच मॉलमधल्या गाळ्याच्या कराराचे कागद होते.

"दाजी, चारला सही करायचीय. नाही केली तर गाळा केकवाल्याला जाईल. आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"अरे, आमच्याकडचे तीन मॉल ओस पडले. आत कबुतरं नांदतात."

"का पण?"

"घरबसल्या सगळं मिळतं. घर ऐसपैस, गारेगार. माणूस बाहेर पडेल कशाला?"

"आणि आमच्या घरी?"

"तुझ्याकडे दोन खोल्या, नऊ माणसं, आणि पंखा नुसता आवाज करतो."

"म्हणून तुम्ही रोज इथे येता?"

"मी निरीक्षणाला येतो."

"काल निरीक्षण करताना घोरत होतात."

"ते सोड. इथे लोक नुसते बसतात रे, विकत काही घेत नाहीत!"

"खातात तर खरं! आठ दिवसांत तुमचीच पँट मी दोनदा सैल केली."

दाजींनी पोट आत घेतलं. पोस्टमननीही घेतलं.

"मग, जाऊ सही करायला?"

"जा बाबा. आणि जाता जाता त्या वॉचमनला सांग, गार हवा जरा वाढव म्हणावं."