गुरुवारी थांबणारं घड्याळ

घड्याळजी : नाही हो बाई, कुणी हात लावलेला नाही. आतली धूळसुद्धा जागची हललेली नाही.

बाई : मग दर गुरुवारीच कसं बरं थांबतं?

घड्याळजी : चावी रविवारी देता ना? तेव्हापासून ही दोन वजनं खाली उतरत येतात, ती गुरुवारी बरोबर लंबकाच्या शेजारी पोचतात. पेटी डुगडुगत असली, की तीही त्याच्याबरोबर झुलायला लागतात आणि त्याचा जोर खातात. उंच घड्याळांचं हे फार जुनं दुखणं. म्हणून तर पेटी मागून भिंतीला स्क्रूने आवळतात. तुमचा स्क्रू कुठंय?

बाई : रंग दिला तेव्हा काढला. भोक वाईट दिसत होतं, मीच बुजवायला लावलं.

घड्याळजी : मग झालं तर! पण दर गुरुवारी कसं म्हणता? साहेब तर म्हणाले, दोन वर्षं सुरळीत चाललंय, गेल्याच आठवड्यात बंद पडलं.

बाई : गेल्या गुरुवारी मी बाहेरगावी होते.

घड्याळजी : म्हणजे?

बाई : एरवी हे कामावरून यायच्या आत मी चावी देऊन चालू करून ठेवते.

घड्याळजी : ते कशाला?

बाई : माझ्या थोरल्या नणंदबाई दर गुरुवारी यायच्या. घड्याळ त्यांच्या वडिलांचं. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसायच्या. मी पाहुण्यांदेखत म्हटलं, तुम्ही येता आणि घड्याळ बिघडवून जाता. त्या परत आल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी ते आपलं आपणच थांबलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घड्याळजी : अरेरे.

बाई : यांना सांगाल का, स्प्रिंग तुटली होती म्हणून?

घड्याळजी : बाई, हे वजनांवर चालतं. यात स्प्रिंग नसतेच.

(नवरा दारात येऊन उभा राहतो.)

नवरा : काय निघालं मग?

बाई : ताईंनी कधीच हात लावला नव्हता. आणि मला ते माहीत होतं.

नवरा : कधीपासून?

बाई : दोन वर्षं.

घड्याळजी : मी जरा... खालून ड्रिल घेऊन येतो.

नवरा : तिला फोन लावू?

बाई : नको. बोलले चारचौघांत, आणि माफी फोनवर मागू? मी जाते.

नवरा : मीही येतो. त्या दिवशी मी तिथंच बसलो होतो. एक शब्द बोललो नाही.

बाई : या. पण आधी मला बोलू द्या. तुम्ही गप्प बसलात, तेही माझ्याच तोंडाला भिऊन.