दर्याला दाखवलेली गाडी

...उतरू नका हो, उतरू नका! गाडी बिघडलेली नाही. आणि ताई, "मुळात पाण्यात घातलीच कशाला" हे तर विचारूच नका, अख्खा गाव विचारून दमला! घातली नाही हो, दाखवली! दर्याला दाखवली! आमच्या कोळीवाड्यात नवी होडी आधी दर्याला दाखवतात, ओवाळतात, नारळ देतात, मगच ती कामाला लागते. आता होडी विकून मी ही गाडी घेतली, मांडव्याच्या जेट्टीवरून तुमच्यासारखे पाहुणे अलिबागला न्यायला, तर आमचे बाबा हटूनच बसले. "अल्पेशा, फुडची चाकं तरी भिजव. दर्याला कललं पायजे, आपली हाय म्हनून."

भिजवली! बायको ओवाळतेय, मी नारळ सोडतोय, आणि तुम्हाला सांगतो, ओहोटीची वेळ, पाणी मागे जायचं... तर एक लाट आली ती थेट बॉनेटवरून! ओढत आणली अंगणात. चावी फिरवतोय, फिरवतोय... ढिम्म!

इथवर मीही हसत होतो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी जेवायला बसलोय, बांगड्याचा पहिला घास तोंडात, आणि अंगणात घुर्रर्र... गाडी चालू! दारं बंद, आत कोणी नाही, आणि चावी? चावी माझ्या खिशात!

बाबा ताटावरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "भरती लागली."

मग विनेश मेकॅनिकला बोलावला. "काय घाबरतो यार, खारं पाणी वायरिंगमध्ये शिरलं ना, की सेल्फ आपोआप मारते, हॉर्न वाजतो, सगळं होतं!" केवढा धीर आला मला! त्यानं प्लग पुसले, एअर फिल्टर काढून पिळला, पंचा पिळावा तसा पिळला हो! तरी ढिम्म. शेवटी "आता बघू कशी आपोआप चालू होते" म्हणत बॅटरीच काढून ओटीवर माझ्या पायाशी ठेवली. आम्ही चहा घेतोय, खाडीत पाणी चढायला लागलं... आणि वायपर हलले. काच कोरडी ठणठणीत! बॅटरी पायाशी, चावी माझ्या खिशात, आणि गाडी हळूच हातभर पुढे सरकली. दर्याकडे तोंड करून. विनेश चहा अर्धा टाकून पळाला, पान्हे अजून आमच्याकडेच आहेत.

बाबा जाळं शिवत होते. "होरी इकलीस, जागा रिकामी केलीस. आता दर्याला हीच आपली होरी वाटते. बोलावतो तिला." मग काय! लोक चाकाखाली दगड लावतात, मी नांगर टाकला, होडीचा उरलेला! हसा, हसा... डिकीत तुमच्या बॅगांखाली आहे ना, तोच तो.

पण जेट्टीवर गाड्यांच्या रांगेतला माझा नंबर जायची वेळ आली. होडी गेलेली, गाडी ही अशी, खायचं काय? परवा संध्याकाळी वैतागून किनाऱ्यावर गेलो, हात जोडले आणि चावी दिली भिरकावून. म्हटलं, तुझी तर तुझी, घे! घरी येऊन सदरा काढतोय, तर काहीतरी खणखणलं. हात घातला... ओली. वाळू लागलेली. चावी माझ्या खिशात!

रडू आलं हो, खरंच रडू आलं. बाबा म्हणाले, "परत दिली त्यानं. बॅटरी जोड, फिरव. भरतीच हाय." फिरवली, आणि पहिल्या झटक्यात चालू! लोण्यासारखी!

तर पाहुणे, एवढंच आहे. भरतीला चालते, ओहोटीला बसते. जेट्टीवर तुम्ही बसलात तेव्हा पाणी भरलेलं होतं, आता ओहोटी लागली. शहाळी मागवू? पाणी चढलं की निघूच आपण. अलिबागलाच पोचू की आणखी कुठे, ते मात्र मला विचारू नका... आणि हा हॉर्न मी वाजवला नाही हं, हात बघा माझे. पट्टे तेवढे लावून घ्या. चावी माझ्या खिशात आहे खरी, पण मालक तो. मी आपला नुसता ड्रायव्हर!