आरशावरचं कुंकू

अनुजा : आबा, काल लॅबमधल्या पूजेच्या वेळी मी नारळ आणायला बाहेर गेले, तेव्हा तुम्ही लेझरचं हे झाकण उघडलंत?

पिराजी : व्हय. का गं?

अनुजा : आणि आतल्या आरशाला कुंकू लावलंत?

पिराजी : खंडेनवमी हुती की. ट्रॅक्टरला लावतो, मोटरीला लावतो, इळ्यालाबी लावतो. तुझं हत्यार हे. वरच्या पत्र्याला लावून काय उपेग? जिथनं काम हुतंय तिथंच लावलं. हात धुऊन लावलंय बरं.

अनुजा : या आरशाला आम्ही नुसतं बोटसुद्धा लावत नाही.

पिराजी : आता गं? मोडलं?

अनुजा : सकाळी लेझर सुरू केला आणि कुंकू जळून आरशावर काळा डाग पडला. मला तो दिसलाच नाही. सगळं मोजून झाल्यावर कळलं.

पिराजी : माझ्या हातनं झालं म्हणून सांग तुझ्या पीएचडीच्या सरास्नी. मी पाया पडतो त्यांच्या.

अनुजा : आरशाचं काही नाही, कपाटात दुसरा होता. मला धास्ती बसलीये ती वेगळ्याच कारणानं.

पिराजी : मग मला कळंल असं सांग की.

अनुजा : रेणू म्हणजे एकमेकांना जोडलेले अणू. एक जोड पक्का, एक कच्चा. तापवलं की कच्चा आधी तुटतो.

पिराजी : तुटणारच.

अनुजा : आम्ही लेझरचा झोत सोडतो, पापणी लवण्याच्या कितीतरी आधी संपणारा. त्यातला कुठला रंग पुढं, कुठला मागं, हे ठरवून त्याला नेमका आकार दिला, की पक्का जोड तुटतो आणि कच्चा शाबूत राहतो. आम्ही म्हणू तोच जोड तुटणार, असा आमचा दावा. तो आकार मी तीन वर्षं शोधला. माझी पीएचडी त्याच्यावरच आहे.

पिराजी : ते ठावं हाय मला.

अनुजा : तुमच्या कुंकवानं तो आकार पार विस्कटला. तरी आज पक्का जोडच तुटला. तेवढाच.

पिराजी : मग बरंच झालं की.

अनुजा : बरं कसं? आकार बिघडला तरी तेच होतंय, म्हणजे आकाराचा काही संबंधच नव्हता. झोत जरा लांबवला, की त्याचा आकार कसाही असू दे, पक्का जोड तुटतोच. आम्ही केलं म्हणून जे सांगत होतो, ते आम्ही करतच नव्हतो.

पिराजी : आरं देवा. समदंच?

अनुजा : सगळं. मला खरंच वाटेना. दुसरा आरसा बसवला, मुद्दाम चुकीचे आकार लावले. तेच आलं.

पिराजी : ह्ये आदी कुणी बघितलं न्हाई?

अनुजा : साधा झोत बघितला, त्यानं कच्चा तुटला; आमच्या आकाराचा बघितला, त्यानं पक्का. मुद्दाम चुकीचा लावून बघावा, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मला भीती वाटतीये, आबा.

पिराजी : सरास्नी फोन लाव. माझ्यासमोर लाव.

(अनुजा फोनवर सगळं सांगते. फोन स्पीकरवर आहे.)

विजयसिंह सर : परवा परिषदेत मी हेच मांडणार आहे, माहीत आहे ना? घाणेरड्या आरशावरचं मोजमाप धरायचं नसतं.

अनुजा : नव्या आरशावरही तेच आलं, सर.

विजयसिंह सर : हे कुणाकुणाला माहीत आहे?

अनुजा : मला. आणि माझ्या वडिलांना.

विजयसिंह सर : त्यांना काय कळणार यातलं?

पिराजी : नमस्कार सर, मी पिराजी. यातलं कायबी कळत न्हाई. पोरगी सकाळधरनं पाणी न पिता बसलीया, तेवढं कळतंय.

विजयसिंह सर : अनुजा, आजचं सगळं पुसून टाक. मला काही सांगितलं नाहीस, मी काही ऐकलं नाही. पीएचडी हवी आहे ना तुला?

पिराजी : ठेवला व्हय फोन?

अनुजा : ठेवला.

पिराजी : ते झाकण उघडायलाच नको हुतं म्या.

अनुजा : उघडलं नसतंत, तर हेच मी पुढं पोरांना शिकवलं असतं.

पिराजी : मग पुसणार?

अनुजा : नाही.

पिराजी : आन् गावात इचारलं, पीएचडी झाली का, तर काय सांगू?

अनुजा : आजपास्नं सुरू झाली म्हणून सांगा.