शिवशरण, वय तीन

विरूपाक्ष : कारकून काय म्हणावा मला, आक्का? "पावणं, तीन वर्षाचं पोरगं मेलेलं, त्याचा नातू कसा आलायसा?"

दानम्मा : आधी हातपाय धू. कुणाचा नातू?

विरूपाक्ष : आपला अज्जा की. समाधीच्या दगडावर जन्मसाल घालायचं म्हणून कुरुंदवाडात जुनं रजिस्टर काढाय लावलं. जन्म घावला. शिवशरण मल्लाप्पा, अठराशे शहाण्णव.

दानम्मा : मग झालं की काम.

विरूपाक्ष : कुठलं? त्याच रजिस्टरात फुडं मयताचं पान उलटलं, शंभर वर्षांमागचं, तर परत त्योच. शिवशरण मल्लाप्पा, वय तीन, पलेग, पुरला.

दानम्मा : दुसरा कोण तरी असंल.

विरूपाक्ष : बाप त्योच, आई गंगव्वा तीच, घर तेच. आणि अज्जा तर एकसष्ट साली गेला. त्याच्या मांडीवर बसून गूळ खाल्लाय मी. उद्या पाथरवट येतोय आणि मला कायबी कळंना झालंय. तुला काय ठावं हाय का?

दानम्मा : च्या घे.

विरूपाक्ष : आक्का.

दानम्मा : जेवायच्या आधी अज्जा मळ्यात लिंबाखाली घास ठेवायचा. आठवतंय?

विरूपाक्ष : कावळ्यास्नी.

दानम्मा : न्हाय. तिथं त्ये पोरगं पुरलंय, गंगव्वाचं. पलेगात सगळं गाव रानात झोपड्या घालून ऱ्हायलंतं. शेजारच्या झोपडीतलं घरच्या घर गेलं, एक पोर तेवढं रडत ऱ्हायलं. तिनं उचललं. आपल्या पोराची कुंची त्याला घातली, गळ्यात लिंग बांधलं, आणि नाव बी त्येच ठेवलं.

विरूपाक्ष : कुठल्या लोकांचं पोर?

दानम्मा : पलेगात कोण इचारतंय?

विरूपाक्ष : आणि तुला हे म्हाईत हुतं? एवढी वर्षं?

दानम्मा : शेवटच्या दुखण्यात मीच हुतो की त्याच्यापाशी. गंगव्वाच्या नावाला बट्टा लागंल म्हणून गप ऱ्हा म्हणाला. ऱ्हायलो.

विरूपाक्ष : मग आपण कुणाची गं?

दानम्मा : त्याची.

विरूपाक्ष : आणि त्यो?

दानम्मा : गंगव्वाचा.

विरूपाक्ष : माझं डोकं चालंना. पाथरवटाला काय सांगू? शिवशरण तर लिंबाखाली हाय. अज्जाचं खरं नाव काय हुतं?

दानम्मा : इचारलंतं मी. म्हणाला, "हाक मारणारीच सगळी गेली, पोरी. नाव कुठनं ऱ्हातंय?"